वाकलेल्या ब्रॅकेटची साक्ष

जुन्या गाडीविषयी लिहायचे म्हटले की लोक इंजिनाविषयी लिहितात, रंगाविषयी लिहितात, फार तर चकचकीत क्रोमविषयी. ब्रॅकेटविषयी कोणी लिहीत नाही. ब्रॅकेट म्हणजे लोखंडी पट्टीचा किंवा पत्र्याचा वाकवलेला तुकडा. त्याला दोनचार भोके, आणि काम एवढेच की एक वस्तू दुसरीला धरून ठेवायची. बंपर, रेडिएटर, बॅटरीचा ट्रे, हॉर्न, सायलेन्सर, नंबरप्लेट यांपैकी एकही गोष्ट गाडीला थेट चिकटलेली नसते. प्रत्येकीच्या आणि गाडीच्या मध्ये एक ब्रॅकेट असते. घरात ज्यांच्यावाचून काही चालत नाही, पण फोटोत जे कधी दिसत नाहीत, अशा माणसांची जागा गाडीत ब्रॅकेटांची असते.

गेली दोन वर्षे वसईतल्या एका वाडीत, पत्र्याच्या शेडखाली, १९६९ सालच्या फियाट ११०० डिलाइटच्या दुरुस्तीत मी हातभार लावतो आहे. गाडी माझी नाही, शेजाऱ्यांची आहे. मी इंजिनीअर नाही. पुस्तके वाचून, मिस्त्री लोकांच्या शेजारी उकिडवे बसून आणि पुष्कळ वस्तू बिघडवून जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. या गाडीच्या पुढच्या बंपरची दोन ब्रॅकेटे सरळ करून बसवण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा वाटले होते, दोन दिवसांचे काम आहे. त्याला आठ महिने लागले. त्यात मी एक ब्रॅकेट मोडले, आणि दुसऱ्याने शेजाऱ्यांच्या घरातली पन्नास वर्षांची एक समजूत मोडली. या लेखात त्या आठ महिन्यांचा हिशेब आहे.

कुर्ल्याचे लोखंड

आधी या गाडीचे कूळ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर जोडलेल्या होत्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात येऊ लागली. तिच्या गोल, फुगीर नाकामुळे आपल्याकडे तिला 'डुक्कर फियाट' हे नाव पडले. १९६४ साली चौकोनी बांध्याची डिलाइट आली. तीच गाडी थोड्याफार फरकाने पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच.

सरकारचे धोरण असे झाले, की बाहेरचे सुटे भाग आणून नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा राहिली नाही. भाग इथेच घडवावे लागले. इंजिन, गिअरबॉक्स यांच्या स्वदेशीकरणाबद्दल लिहिले गेले आहे. पण शेकडो फुटकळ ब्रॅकेटेही इथल्याच प्रेसवर, इथल्याच कामगारांच्या हाताखालून गेली. आज तो कारखाना नाही. टॅक्सीच्या रूपात नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. आता तिचे भाग शोधायचे तर कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत जावे लागते. ज्या कुर्ल्यात ते जन्मले तिथेच ते भंगाराच्या भावाने वजनावर विकले जातात.

वाकले कोण, ब्रॅकेट की गाडी?

वाकडे ब्रॅकेट दिसले की हात हातोड्याकडे जातो. तो आवरावा. ब्रॅकेट वाकडे आहे असे आपण म्हणतो, पण कशाच्या मानाने वाकडे? ज्या अंगावर ते बसते ते अंग तरी सरळ आहे का?

फियाट ११०० ला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची कायाच सगळा भार पेलते. समोरून धक्का बसला तर आधी बंपर वाकतो, मग ब्रॅकेट, आणि धक्का जोराचा असेल तर ज्यावर ब्रॅकेट बसते ती पुढची पेटीसुद्धा मागे सरकते. म्हणून पहिले काम मापाचे. गाडी चार घोड्यांवर समतल ठेवायची. पुढच्या बांध्यावरच्या ब्रॅकेटच्या भोकांतून आणि मागे, ज्यांना धक्का लागलेला नाही अशा दोन ठरावीक भोकांतून ओळंबे सोडायचे, आणि ते जिथे टेकतात तिथे जमिनीवर खडूने खुणा करायच्या. गाडी बाजूला सरकवली की जमिनीवर चार ठिपके उरतात. पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत आणि पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत असे दोन कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण आणि दोन्ही बाजू सारख्या असल्या तर गाडी काटकोनात आहे. घराचा पाया आखताना गवंडी जे करतो तेच हे.

आमच्या गाडीत ते जुळले नाही. उजवीकडची बाजू जवळजवळ दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर, आखूड भरली. उजवीकडचा बांधा तेवढा मागे गेला होता. पत्र्यावर बाहेरून काहीच कळत नव्हते.

घरातल्या काकूंना विचारले. त्यांनी सांगितले, गाडी घेतल्यावर चारपाच वर्षांनी आगाशीकडून येताना एका मोरीच्या कठड्यावर आपटली होती, पण "यांनी कंपनीतून नवीन सामान आणून बसवलं होतं." घरात सगळ्यांची हीच आठवण होती. ब्रॅकेटांनी मात्र वेगळे सांगितले.

लोखंडावरच्या खुणा

दोन्ही ब्रॅकेटे मळीत बुडवली होती. गंज काढण्याचा हा जुना, स्वस्त आणि सावकाश मार्ग आहे. गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारी उसाची मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग. त्यात लोखंड आठपंधरा दिवस पडू द्यायचे. मळी गंज विरघळवते, चांगल्या लोखंडाला फारसे खात नाही. वास सहन करावा लागतो, आणि ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग त्यात चुकूनही टाकायचा नाही. ज्यांना घाई आहे ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढतात. त्यात भाग ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला टाकाऊ साधे लोखंड. स्टेनलेस स्टील तिथे लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हे काम उघड्यावर करावे, कारण त्यात हायड्रोजन वायू सुटतो. वायरब्रश आणि ग्राइंडर हा तिसरा मार्ग. तो गंजाबरोबर पुरावाही खरवडून टाकतो.

पुरावा कसला? डावे ब्रॅकेट मळीतून काढून पुसले तेव्हा त्याच्या कडेवर दोन पट्टे दिसले. अर्धी कड गुळगुळीत, अर्धी खरबरीत. प्रेसमध्ये डायखाली लोखंड कापले जाते तेव्हा असेच होते: आत घुसताना डाय आधी लोखंड स्वच्छ कापते आणि उरलेली जाडी फाटते. भोकांच्या एका तोंडाची कड किंचित आत वळलेली, दुसऱ्या तोंडाला बारीक धार. म्हणजे भोकही ड्रिलने पाडलेले नव्हते, पंचाने ठोकलेले होते. वळणाची गोलाई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. हे कारखान्याचे काम.

उजव्याची कड मात्र उभ्याआडव्या ओरखड्यांची होती, हॅकसॉने कापून कानस मारल्यासारखी. भोकांच्या आत ड्रिलची गोल फिरलेली रेघ. वळणावर छोटेछोटे सपाट चट्टे, म्हणजे ऐरणीवर हातोड्याने वाकवलेले. पट्टीही अर्ध्या सुताने जाड. हे ब्रॅकेट कंपनीचे नव्हते. कोणा स्थानिक लोहाराने, कदाचित गाडीशेजारीच बसून, घडवलेले होते.

तिसरी खूण वायसरच्या ठशाची. बोल्टखालचा वायसर वर्षानुवर्षे दाबून राहिला की त्याखालचा रंग टिकतो आणि लोखंडावर एक फिकट वर्तुळ उरते. जुन्या भागाची नेमकी जागा कोणती होती, हे त्या वर्तुळाइतके खरे दुसरे काही सांगत नाही. म्हणून साफ करण्याआधी प्रत्येक ब्रॅकेटचे फोटो घ्यावेत आणि ठशांभोवती टोकाने रेघ ओढून ठेवावी. डाव्या ब्रॅकेटवर एकमेकांवर सरकलेली दोन वर्तुळे होती. एक लांबोळक्या भोकाच्या मधोमध, दुसरे त्याच्या टोकाला. म्हणजे अपघातानंतर डावी बाजूही सैल करून सरकवली होती आणि ती पुन्हा मूळ जागी आली नव्हती.

ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबोळके भोक का असते, हे इथे सांगायला हवे. पत्र्याची काया शेकडो ठिकाणी टाके मारून जोडलेली असते. प्रत्येक जोडात केसाएवढा फरक पडला तरी सगळे मिळून टोकाला तीनचार मिलिमीटर जमतात. तो फरक कुठेतरी पोटात घ्यायचा म्हणून कारखाना लांबोळके भोक ठेवतो. ज्याला हे माहीत नाही तो बोल्ट जुळला नाही की कानस घेऊन भोक मोठे करतो. एकदा मोठे केलेले भोक लहान होत नाही.

माझी चूक

आता मोडलेल्या ब्रॅकेटची गोष्ट. मोडले ते डावे, म्हणजे दोघांतले अस्सल.

ते खाली आणि आतल्या बाजूला वाकले होते. मी ते व्हाइसमध्ये धरले आणि पाइप घालून उलट दिशेला ओढले. मूळचा बाक तसाच राहिला. त्याच्या शेजारी, दोन बोटांवर, दुसरा बाक आला. ब्रॅकेटचा इंग्रजी 'एस' झाला. मला वाटले, जोर कमी पडला.

तसे नसते. लोखंडाला थोडे वाकवून सोडले तर ते परत येते. एका मर्यादेपलीकडे वाकवले की परत येत नाही, आणि त्या वाकलेल्या जागी ते आधीपेक्षा कडक होते. आतल्या स्फटिकांची रचना एकमेकांत गुंतते आणि पुढे सरकायला तयार नसते. तार चारदा वाकवली की ती कडक होऊन तुटते, हे आपण सगळ्यांनी केलेले आहे. म्हणून वाकलेली पट्टी उलट ओढली की कडक झालेला बाक जागचा हलत नाही आणि शेजारचे मऊ लोखंड आधी वाकते. लोखंड ज्या वाटेने वाकले त्याच वाटेने मागे जात नाही, हा या कामातला पहिला धडा. गॅरेजमधल्या अर्ध्याअधिक बिघडलेल्या ब्रॅकेटांचे कारण हेच.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. गरम केले पाहिजे एवढे मला ऐकून माहीत होते. घरात एक छोटा ब्लो लॅम्प होता. त्याने बाक तापवला. लोखंडावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग सुंदर निळा रंग चढला. तेवढ्यावर समाधान मानून मी हातोडा मारला. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. बाकाच्या बाहेरच्या कडेला केसासारखी चीर पडली होती.

निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो. साधे लोखंड थंड असताना जेवढे सोसते आणि लाल असताना जेवढे सोसते, त्याच्या मधल्या या टप्प्यात ते दोन्हीपेक्षा कमी सोसते. आपल्याला वाटते गरम आहे म्हणजे मऊ आहे. प्रत्यक्षात या टप्प्यात ते ठिसूळ असते. थंडच ठेवले असते तर कदाचित वाचले असते. पुरेसे लाल केले असते तर नक्की वाचले असते. अर्धवट ज्ञानाने मी नेमका मधला टप्पा निवडला.

त्या रात्री शेजाऱ्यांना सांगायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. "वेल्डिंग होईल ना?" एवढेच म्हणाले. होईल, पण चोपन्न वर्षे न मोडलेली वस्तू माझ्या हातून मोडली, हे काही वेल्डिंगने भरत नाही.

सरळ करण्याची रीत

पुढचे मी एका निवृत्त डेंटरकडून शिकलो. आयुष्यभर त्यांनी मुंबईच्या गॅरेजांत पत्राकाम केले, आता नालासोपाऱ्यात मुलाकडे असतात. त्यांची रीत क्रमाने सांगतो.

आधी लोखंडाची जात ओळखायची. ग्राइंडरला भागाची न दिसणारी कड क्षणभर लावायची. साध्या, कमी कार्बनच्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फाटे फुटलेल्या असतात. स्प्रिंगच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. साधे लोखंड तापवून वाकवता येते. स्प्रिंगच्या पोलादाला तापवले की त्याचा ताण जातो. ते घरी तापवू नये. बीड वाकतच नाही, तुटते.

मग चीर शोधायची. भाग रॉकेलमध्ये तासभर बुडवून पूर्ण पुसायचा आणि त्यावर खडूची पूड पातळ फासायची. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. आणखी सोपी परीक्षा कानाची: भाग दोरीने टांगून हलकेच ठोकायचा. अखंड लोखंड वाजते. चिरलेले लोखंड बद्द आवाज करते.

नंतर नमुना. चांगल्या ब्रॅकेटची आकृती प्लायवुडवर उतरवून कापायची. डावे-उजवे ब्रॅकेट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतील तर तोच नमुना उलटा करून दुसऱ्याला लावता येतो. पण असे गृहीत धरू नये. कधी एका बाजूला हॉर्नसाठी जादा भोक असते, कधी वळणच वेगळे असते.

आता तापवणे. आधी वर जस्ताचा किंवा दुसऱ्या कोणत्या धातूचा मुलामा नाही याची खात्री करायची, कारण जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीतापाने माणूस हुडहुडतो. मग गॅसच्या टॉर्चने फक्त बाक तापवायचा, शेजार नाही. सावलीत पाहताना तो चेरीसारखा लाल दिसला पाहिजे, म्हणजे साधारण ७५० अंश. उन्हात हा रंग दिसतच नाही, म्हणून काम शेडमध्ये किंवा संध्याकाळी. लाल बाक आता शेजारच्या थंड लोखंडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे वाकायचे तिथेच वाकतो. व्हाइसमध्ये बाकाच्या अगदी जवळ धरायचे आणि ठोकण्याऐवजी सावकाश दाबायचे. लाल रंग गेला की थांबायचे, पुन्हा तापवायचे. मी नेमके इथेच थांबलो नव्हतो.

एकापेक्षा जास्त बाक असतील तर शेवटी पडलेला आधी काढायचा. धक्का बसताना वस्तू ज्या क्रमाने वाकली त्याच्या उलट क्रमाने ती उलगडायची. गाठ सोडताना शेवटचा फेरा आधी सोडतात, तसेच.

सरळ झाल्यावर पाण्यात बुडवायचे नाही. डेंटर बाबा भाग राखेत ठेवून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी आले. घाईने थंड केलेला भाग एका बाजूने आधी आकसतो आणि पुन्हा वाकडा होतो.

माझ्या चिरलेल्या ब्रॅकेटला त्यांनी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे पळू नये. चिरेवर 'व्ही' आकाराची खाच घासली, ती वेल्डिंगने पूर्ण भरली आणि वरचा फुगवटा मागच्या बाजूने तसाच ठेवला. "पुढून साफ कर, मागून राहू दे. पुढच्याला कळायला पाहिजे इथं काम झालंय," ते म्हणाले.

बसवणी

सरळ केलेले ब्रॅकेट रंगवण्याआधी एकदा कोरडे बसवून पाहायचे. सगळे बोल्ट आधी हाताने दोनतीन आटे बसवायचे. एकही घट्ट करायचा नाही. एक बोल्ट पक्का करून दुसऱ्याचे भोक पान्याच्या जोराने ओढून आणणे ही सर्वात मोठी चूक. त्या वेळी बसल्यासारखे वाटते, पण तो ताण पत्र्यात राहतो आणि सहा महिन्यांनी रंगाला किंवा टाक्याला तडा जातो. ब्रॅकेट स्वतःहून जागेवर आले पाहिजे. नाही आले तर दोष बोल्टचा नसतो, आकाराचा असतो.

बोल्टविषयी एक सूचना. फियाटचे आटे मेट्रिक मापाचे आहेत. आपल्याकडच्या जुन्या डब्यांत इंची बोल्ट भरपूर सापडतात. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या इतका जवळ, की तो पहिले दोन आटे बिनतक्रार जातो. तिसऱ्याला अडतो. त्यावर पाना मारला की बांध्यातला मूळ आटा जातो आणि तो परत मिळत नाही. बोल्ट बोटांनी पूर्ण आत जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही.

वसईची हवा खारी. पावसाळ्यात इथे न रंगवलेले लोखंड रात्रीत तांबूस होते. म्हणून दोन धातूंमधल्या फटीत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, आधी प्रायमर लावून मग बसवणी. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बंद फटीत तो वाढला की पाचरीसारखा पत्रा उचलतो.

अस्सल कोणते?

उजव्या ब्रॅकेटचा प्रश्न उरला होता. कुर्ल्यात शोधताना शेजाऱ्यांना कंपनीचे, प्रेसवर कापलेले उजवे ब्रॅकेट मिळाले. थोडे वाकलेले होते. मी शिकलेली रीत वापरून ते नमुन्याला तंतोतंत जुळवले, या वेळी चीर न पाडता. आनंदाने बसवायला गेलो तर बंपर उजवीकडून दोन सूत मागे. भोक पूर्ण सरकवूनही दीड सुताहून जास्त फरक उरला. लोहाराचे जुने ब्रॅकेट लावले तर बंपर सरळ रेषेत.

तेव्हा उलगडले. अपघातात उजवा बांधा दोन सूत मागे गेला होता. त्या अनामिक लोहाराने तो ओढून काढला नाही. त्याने माप गाडीवरूनच घेतले आणि ब्रॅकेट दोन सूत लांब घडवले. म्हणूनच ते कंपनीच्या मापाचे नव्हते आणि म्हणूनच ते या गाडीला बसत होते. वाकड्या अंगावर सरळ ब्रॅकेट बसत नाही.

मग काय करायचे? बांधा ओढून मूळ मापावर आणायचा, की लोहाराचे ब्रॅकेट राखायचे? इथे कायदाही येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. चासी, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. शेजाऱ्यांना ही नोंदणी करायची होती. नियमाचा रोख ब्रॅकेटवर नाही, कायेवर आहे. ब्रॅकेटसाठी काया ओढणे म्हणजे लहान अस्सलपणासाठी मोठा अस्सलपणा पणाला लावणे.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ 'फिवा' याने ट्युरिन सनद केली आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस सनद झाली, तिच्याच धर्तीवर. तिचा सूर असा, की बदल कमीत कमी आणि परत फिरवता येण्याजोगे असावेत, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत ठेवावेत आणि केलेल्या कामाची नोंद राहावी. गाडीच्या आयुष्यात घडलेले सगळे पुसून तिला कारखान्याच्या दारातल्या पहिल्या दिवशी नेणे, हे जतनाचे ध्येय नव्हे.

वसईकराला हे समजायला सनद लागू नये. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर इथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही आहेत. ज्या मनोऱ्यांसाठी त्या ओतल्या गेल्या तिथे त्या नाहीत. देवळात टांगण्यासाठी त्यांना नवे आधार करावे लागले, आणि ते आधार करणाऱ्या कारागिरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आज घंटेइतकाच तो आधारही त्या जागेचा इतिहास आहे. त्यांना परत वसईला आणून 'मूळ जागी' बसवा असे कोणी म्हटले तर अडीचशेहून अधिक वर्षांचे काय करायचे?

टॅक्सींच्या बाबतीत हाच प्रश्न उद्या येणार आहे. पद्मिनी १९७४ ची असेल तर तिने पन्नाशी ओलांडली. कोणी जुनी काळीपिवळी जतन करायला घेतली तर बाहेर मीटर धरणारे ब्रॅकेट आणि टपावरचा कॅरिअर ठेवायचा की काढायचा? कारखान्यातून गाडी त्याशिवाय निघाली होती. पण मुंबईने तिला त्याच्यासकट ओळखले.

आम्ही ठरवले ते असे. डावीकडे कंपनीचे ब्रॅकेट, माझ्या चिरेसकट, वेल्ड करून, मूळ वायसरच्या वर्तुळावर. उजवीकडे लोहाराचे. कुर्ल्याचे उजवे ब्रॅकेट तेल लावून, कापडात गुंडाळून डिकीतल्या डब्यात. डब्यात एक वही आहे; तीत मापे, फोटो, तारखा आणि डाव्या ब्रॅकेटपुढे "चीर दुरुस्त करणाऱ्याने नव्हे, सरळ करणाऱ्याने पाडली" अशी माझ्या हस्ताक्षरातली ओळ.

काकूंना दोन्ही ब्रॅकेटे दाखवली. कड, भोके, हातोड्याचे चट्टे समजावून सांगितले. कंपनीचे सामान बसवले होते ही आठवण बरोबर नव्हती, हेही. त्यांनी लोहाराचे ब्रॅकेट हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा पैसे नव्हते. मला बोलले नाहीत कधी."

मी मापे घ्यायला गेलो होतो. त्या लोखंडात हे माप असेल याची मला कल्पना नव्हती. ब्रॅकेट त्यांच्या हातून घेतले आणि बसवले. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेले.